कमरेतले पाणी काढल्याने नव्हे, न काढल्याने माणूस जातो

"डॉक्टर, बाकी काहीही करा, पण कमरेतलं पाणी काढू नका."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की नातेवाईक खुर्चीतून थोडे पुढे सरकले की ते आता काय म्हणणार, ते मला कळते. वाक्य प्रेमापोटी येते, याबद्दल शंका नाही. पण आज मला या वाक्याविरुद्ध लिहायचे आहे. आणि केवळ रुग्णांच्या नातेवाईकांविरुद्ध नाही. 'राहू द्या, तशीच औषधं सुरू करतो' म्हणून चटकन मान डोलावणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंविरुद्ध आणि साधी तपासणी तालुक्यापर्यंत न पोहोचवणाऱ्या आपल्या व्यवस्थेविरुद्धही.

निमित्त आहे बुरशीच्या मेंदूज्वराचे. या आजाराचे निदान कमरेतल्या पाण्यावर होते आणि त्याचा अर्धा उपचारही कमरेतले पाणी काढणे हाच आहे. जिथे पाणी काढू दिले जात नाही, तिथे हा आजार ओळखला जात नाही. आणि जिथे तो ओळखला जात नाही, तिथे तो जीव घेतो. उपचाराविना यातून माणूस वाचत नाही.

हा आजार आहे तरी काय?

क्रिप्टोकॉकस नावाची एक बुरशी आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत, मातीत, झाडांच्या कुजलेल्या ढोलीत ती असते. तिची एक जात निलगिरीच्या झाडांशीही जोडली गेली आहे. तिचे सूक्ष्म कण हवेतून आपल्या फुप्फुसात जातात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच जात असतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर शरीर त्यांना तिथेच दाबून टाकते, आपल्याला कळतही नाही. प्रतिकारशक्ती ढासळली की हीच बुरशी रक्तात उतरते आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत जाते. तिला मेंदूचे वावडे नाही, उलट तिथे ती चांगलीच रुजते.

एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे करण्याची, त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवण्याची काहीही गरज नाही.

प्रतिकारशक्ती कोणाची ढासळते? सर्वात आधी एचआयव्हीचा उपचार न घेतलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या व्यक्तींची. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांची संख्या २०० च्या खाली गेली की धोका सुरू होतो आणि १०० च्या खाली गेली की तो फार वाढतो. पण हा केवळ एचआयव्हीचा आजार नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, कर्करोगाची औषधे चालू असलेले, यकृत निकामी होत आलेले, संधिवात किंवा ल्युपससाठी महिनोन्महिने स्टेरॉइड घेणारे, हे सगळे या यादीत येतात.

याच यादीत आणखी एक गट आहे, जो कुठल्याही कागदावर सापडत नाही. गुडघेदुखी, दमा, कंबरदुखी यांवर 'रामबाण' पुड्या खाणारे लोक. अशा अनेक पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा गोल होतो आणि घरचे म्हणतात, 'तब्येत सुधारली.' आत मात्र शरीराचे कुंपण मोडत असते.

कबुतरांना दोष देऊन भागणार नाही

२०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून केवढे रान पेटले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. कबुतरांच्या विष्ठेतून श्वसनाचे आजार होतात हे खरेच आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी माळ्यावरची, जुन्या वाड्यातली वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नये. दुसऱ्या कोणीतरी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून ती साफ करावी. एवढी काळजी पुरे.

पण जिल्ह्यातली सगळी कबुतरे उद्या उडून गेली तरी ही बुरशी मातीत आणि झाडांत राहणारच. तिला हवेतून हद्दपार करणे आपल्या हातात नाही. आजार वेळेत ओळखणे मात्र आपल्या हातात आहे, आणि नेमके तेच आपण करत नाही.

डोकेदुखीचा लांबचा प्रवास

हा मेंदूज्वर धाडकन येत नाही. जिवाणूंचा मेंदूज्वर एक-दोन दिवसांत माणसाला आडवा पाडतो, हा मात्र आठवडे घेतो. आधी डोके दुखते, गोळीने थांबते, पुन्हा दुखते. बारीक ताप येतो, कधी येतही नाही. उलट्या होतात. मग एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात किंवा नजर अंधूक होते. ऐकू कमी येते. मग माणूस विसरू लागतो, असंबद्ध बोलतो, चिडतो, गप्प राहतो, झोपून राहतो. मान आखडणे, जे सगळ्यांना मेंदूज्वराचे लक्षण म्हणून माहीत असते, ते अनेकदा नसतेच.

या काळात आपल्याकडे रुग्णाचे काय होते? पहिल्या आठवड्यात पित्त म्हणून गोळी. दुसऱ्या आठवड्यात चष्म्याचा नंबर. मग सायनस. मग विडाल तपासणी 'पॉझिटिव्ह' येते आणि टायफॉइडच्या नावाने सलाईन आणि अँटिबायोटिक. मग मायग्रेन. आणि वागणूक बिघडली की 'बाहेरचं'. आपल्या जिल्ह्यात असा माणूस सैलानीला नेला जातो. नेणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, शिकलेलेही असतात. कोणाच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. दर्शन घ्या, नवस बोला. पण महिनाभर डोके दुखल्यानंतर जो माणूस बरळू लागतो, त्याला आधी दवाखाना लागतो. त्याच्या कवटीतला दाब वाढलेला असतो आणि तो दाब गंडेदोऱ्याने उतरत नाही.

म्हणून एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. ज्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, त्याची एक आठवड्याहून अधिक टिकलेली किंवा वाढत जाणारी डोकेदुखी ही मेंदूज्वर समजून तपासायची. तो नाही असे सिद्ध झाले तर उत्तमच.

कमरेतल्या पाण्याची भीती: एकेक मुद्दा

आता मूळ भांडणाकडे येतो.

'सुई मणक्यात गेली की माणूस लुळा पडतो.' मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई त्याच्या खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधल्या फटीतून घालतात. तिथे मज्जारज्जू नसतोच. तिथे पाण्यात सुटलेल्या मज्जातंतूंच्या लांब दोऱ्या असतात, त्या सुईच्या टोकापासून बाजूला सरकतात. सिझेरियनच्या वेळी भूल द्यायला अशीच सुई याच भागात टोचतात. आपल्या घरात सिझेरियन झालेल्या किती बाया आहेत, मोजा. त्यातल्या किती लुळ्या पडल्या?

'पाणी काढलं की मेंदू सुकतो.' मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे १५० मिलिलिटर पाणी असते. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे पाणी तयार करते. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेक वेळा बदलते. तपासणीसाठी काढलेले दहा-वीस मिलिलिटर तासाभरात भरून निघते. विहिरीतून घागरभर पाणी काढले म्हणून विहीर आटत नाही.

'आमच्या गावात एकाचं पाणी काढलं आणि तो दुसऱ्या दिवशी गेला.' हा सर्वात जड मुद्दा आहे, कारण तो अनेकदा खरा असतो. माणूस खरेच गेलेला असतो. पण तो कोणत्या अवस्थेत तिथवर पोहोचला होता, हे कोणी सांगत नाही. महिनाभर डोकेदुखी, आठवडाभर बरळणे, दोन दिवस बेशुद्धी आणि मग शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी सुई. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी आधीच कुजली होती, पण दोष कावळ्याच्या माथी आला. आणि ती गोष्ट ऐकून पुढच्या घराने आणखी उशीर केला. अशी ही भीती स्वतःचा पुरावा स्वतःच तयार करत जाते.

ही तपासणी सर्वांना, कधीही करता येते असे मी म्हणत नाही. एका बाजूला अशक्तपणा आला असेल, झटके येत असतील, मेंदूत गाठ असल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी सिटी स्कॅन करतात. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा सुई टोचायच्या जागी गळू असेल तर थांबतात. नंतर एक-दोन दिवस डोके दुखणे, कंबर ठणकणे हे होऊ शकते. गंभीर इजा क्वचित होते. हे सगळे डॉक्टरांनी तुम्हाला समजावून सांगितलेच पाहिजे, आणि तुम्ही विचारलेच पाहिजे. पण दोन्ही बाजू तराजूत ठेवा. एका पारड्यात दोन दिवसांची डोकेदुखी, दुसऱ्यात माणूस.

आणखी एक. 'सिटी स्कॅन नॉर्मल आहे, मग पाणी कशाला?' असे विचारले जाते. या आजारात सिटी स्कॅन अगदी नॉर्मल असू शकतो. तो गाठ दाखवतो, रक्तस्राव दाखवतो, पण पाण्यात पोहणारी बुरशी दाखवत नाही.

अंदाजाने दिलेले औषध इथे उलटते

'पाणी राहू द्या, टीबीचा मेंदूज्वर धरून औषध सुरू करू', हा आपल्याकडचा सर्वात सोपा मधला मार्ग. टीबी आपल्या भागात भरपूर आहे, त्यामुळे अंदाज अनेकदा बरोबरही निघतो. पण जिथे चुकतो, तिथे काय होते ते पाहा.

टीबीच्या मेंदूज्वरात टीबीच्या औषधांबरोबर सहसा स्टेरॉइड देतात. बुरशीच्या मेंदूज्वरात एचआयव्हीबाधितांना स्टेरॉइड दिले तर काय होते, हे पाहण्यासाठी व्हिएतनाम, थायलंड, युगांडा, मलावी वगैरे देशांत मोठा अभ्यास झाला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन दिलेल्या रुग्णांत बुरशी अधिक सावकाश मरत होती, अपंगत्व अधिक येत होते, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. म्हणजे एका आजारात जे देतात तेच दुसऱ्या आजारात घात करते. आणि बाहेरून दोन्ही आजार अगदी सारखे दिसतात. त्यात टीबीचे रिफाम्पिसिन हे बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळीही खाली आणते. आता सांगा, पाणी न तपासता यातले काय निवडायचे? चिठ्ठ्या टाकायच्या का?

दुसरी लाडकी गोष्ट म्हणजे मॅनिटॉलची बाटली. 'मेंदूला सूज आहे, बाटली लावली की उतरेल.' या आजारातला दाब बहुतेक वेळा सुजेचा नसतो. बुरशीच्या पेशीभोवती चिकट आवरण असते. हा चिकटा पाणी शोषून घेणाऱ्या बारीक जाळ्यांमध्ये अडकतो. पाणी तयार होत राहते, पण निचरा होत नाही. मोरीची जाळी तुंबल्यासारखे. मोरी तुंबली तर पाणी उपसावे लागते. या दाबासाठी मॅनिटॉलचा फायदा सिद्ध झालेला नाही. उपसा करायचा मार्ग एकच, तोच ज्याला तुम्ही 'नको' म्हणता.

कमरेतून पाणी काढताना आधी दाब मोजतात. तो २० सेंटिमीटरच्या वर असेल तर पाणी काढून तो उतरवतात. फारच जास्त असेल तर निदान निम्मा करतात. दाब आणि त्रास उतरेपर्यंत हे रोज करावे लागू शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या रुग्णांच्या एका अभ्यासात असे दिसले की पहिल्या निदानानंतर लवकरच पुन्हा पाणी काढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होता. कित्येकदा सुई निघते न निघते तोच रुग्ण म्हणतो, 'डोकं हलकं झालं.' नजर जाण्यापासून वाचवण्याचा मार्गही हाच.

म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा पाणी काढायचे म्हणाले तर 'काल काढलं होतं ना' म्हणून भांडू नका. दाब किती होता ते विचारा. दाब मोजलाच नसेल तर मात्र जरूर भांडा.

पाणी काढले, पण तपासले काय?

इथे माझे बोट माझ्याच व्यवसायाकडे आहे. पाणी काढून फक्त पेशी, प्रोटीन आणि साखर तपासायला पाठवणे म्हणजे अर्धे काम. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात बुरशी भरपूर असूनही पेशींची संख्या जवळजवळ नॉर्मल येऊ शकते, कारण लढायला पेशीच उरलेल्या नसतात. 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून रुग्ण घरी जातो.

त्या पाण्याच्या तीन तपासण्या वेगळ्या मागाव्या लागतात. एक, इंडिया इंक, म्हणजे काळ्या शाईत थेंब मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. स्वस्त आणि जुनी पद्धत, पण काही रुग्ण त्यातून निसटतात. दोन, क्रिप्टोकॉकल अँटिजेन, ज्याला थोडक्यात क्रॅग म्हणतात. गर्भधारणेच्या पट्टीसारखी पट्टी असते, एक थेंब लागतो, सुमारे दहा मिनिटांत उत्तर मिळते आणि ती फारच क्वचित चुकते. तीन, बुरशीचे कल्चर. शिवाय टीबीची तपासणी सोबत हवीच, कारण दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात.

उपचार आहे, आणि तो पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे

या आजाराचे मुख्य औषध तुम्हाला नावाने माहीत आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडनंतर काळ्या बुरशीची साथ आली, तेव्हा अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक रात्र-रात्र फिरत होते. तुटवडा इतका होता की आपल्या विदर्भातल्या वर्ध्याच्या एका कंपनीला तातडीने या औषधाचे एक रूप बनवायची परवानगी द्यावी लागली. तेव्हाही मुळाशी अनियंत्रित मधुमेह आणि बेछूट स्टेरॉइड हेच होते. म्हणजे ढासळलेली प्रतिकारशक्ती आणि संधी साधणारी बुरशी. बुरशी वेगळी, गोष्ट तीच.

काळ्या बुरशीत या इंजेक्शनच्या रोज चार-पाच बाटल्या, कित्येक दिवस लागत. क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरात पूर्वी एक-दोन आठवडे रोज इंजेक्शन द्यावे लागे. २०२२ साली आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या आठशेहून अधिक रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लायपोसोमल प्रकारचा एकच मोठा डोस, किलोमागे १० मिलिग्रॅम, आणि सोबत फ्लुसायटोसिन व फ्लुकोनॅझोल या तोंडाने घ्यायच्या गोळ्या दोन आठवडे. दहा आठवड्यांनी या गटात २४.८ टक्के रुग्ण दगावले, तर तेव्हाच्या प्रचलित उपचारात २८.७ टक्के. म्हणजे नवी पद्धत कुठेही कमी पडली नाही आणि दुष्परिणाम कमी झाले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी एचआयव्हीबाधितांसाठी तिची शिफारस केली. ५० किलोच्या माणसाला हा एक डोस म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या दहा बाटल्या, एकदाच.

या आकड्यांमधला दुसरा अर्थही नजरेआड करू नका. उत्तम उपचार देऊनही चारातला एक जण जातो. म्हणून उशीर परवडत नाही.

अँफोटेरिसिनने मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम खाली जाते. त्यासाठी आधी सलाईन, पोटॅशियम आणि रक्ताच्या तपासण्या लागतात. म्हणून हे औषध साध्या दवाखान्यात, खाटेवर झोपवून 'लावून टाकायचे' नाही. सुरुवातीच्या दोन आठवड्यांनंतर फ्लुकोनॅझोल आठ आठवडे मोठ्या डोसमध्ये आणि पुढे कमी डोसमध्ये निदान वर्षभर घ्यावे लागते. डोके थांबले म्हणून गोळ्या थांबवल्या की आजार परत येतो.

आणि एक उलटे वाटणारे सत्य. एचआयव्हीची औषधे लगेच सुरू करायची नसतात. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक-दोन आठवड्यांत औषधे सुरू केलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण सहा महिन्यांत दगावले, तर पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली की मेंदूत तिचा बुरशीशी जो दंगा होतो, तो झेपत नाही. म्हणून चार ते सहा आठवडे थांबतात. डॉक्टर थांबायला सांगत असतील तर ती दिरंगाई समजू नका. हे कळायलाही आधी मेंदूज्वराचे निदान झालेले असावे लागते.

आता व्यवस्थेशी दोन शब्द

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत अचानक लोकांचे केस गळू लागले. पाण्याचा संशय आला, बुरशीचाही आला. आयसीएमआरची पथके आली, नमुने गेले, देशभर बातम्या झाल्या. झाले ते योग्यच झाले. पण केस गळणे दिसते, म्हणून धावपळ होते. डोकेदुखीने गेलेला माणूस दिसत नाही. त्याच्या दाखल्यावर 'ताप' किंवा 'मेंदूज्वर' एवढेच येते, कोणता मेंदूज्वर हे कोणी विचारत नाही. जगात २०२० साली एचआयव्हीमुळे झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे १९ टक्के या एका बुरशीमुळे झाले असा अंदाज आहे. दर पाचातला जवळपास एक.

आणि हे मृत्यू येण्याआधी रक्तात दिसतात. क्रॅगची तीच पट्टी रक्तावरही चालते आणि डोके दुखायला लागण्याच्या काही आठवडे आधीच पॉझिटिव्ह येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सीडी-४ १०० च्या खाली असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करा, २०० पर्यंतही तिचा विचार करा. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही तिचा समावेश आहे. पट्टी पॉझिटिव्ह आली आणि मेंदूपर्यंत आजार गेला नसल्याचे पाणी तपासून कळले, तर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्यांवर माणूस वाचू शकतो. टांझानिया आणि झांबियात ही तपासणी आणि सुरुवातीच्या काळात घरी जाऊन औषधांसाठी आधार, एवढ्या दोन गोष्टींनी एका वर्षातले मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. ही श्रीमंत देशांची चैन नाही. आपल्यापेक्षा कमी साधने असलेल्या देशांनी करून दाखवलेली गोष्ट आहे.

मग संग्रामपूर, जळगाव जामोद, लोणार, सिंदखेड राजाच्या माणसाला ती सहज का मिळू नये? सूचना कागदावर असणे आणि पट्टी टेबलावर असणे यात घाटाएवढे अंतर आहे. फ्लुसायटोसिन १९५७ साली तयार झाले, पण अनेक वर्षे आपल्या बाजारात मिळतच नव्हते, आणि आजही ते तालुक्याच्या औषध दुकानात विचारून पाहा. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याचा आनंद मलाही आहे. पण महाविद्यालयाची खरी परीक्षा इमारतीत नाही. मध्यरात्री आलेल्या बेशुद्ध माणसाचा पाण्याचा दाब मोजायची साधी काचेची नळी, क्रॅगची पट्टी आणि अँफोटेरिसिनच्या दहा बाटल्या तिथे आहेत का, यात आहे. अकोला किंवा संभाजीनगरचा रस्ता दाखवणे म्हणजे उपचार नव्हे. त्या रस्त्यात जाणारे तीन तास या आजारात फार मोठे असतात.

लपवाछपवीची किंमत

शेवटी पुन्हा तुमच्याकडे येतो. एचआयव्हीची मोफत औषधे भारतात १ एप्रिल २००४ पासून मिळतात. २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी ती सुरू करता येतात. तरीही माणसे सीडी-४ चाळीस-पन्नास झाल्यावर का येतात? काही जण ऊसतोडीला, सुरत-पुण्याला कामाला गेले की गोळ्या सुटतात. पण मोठे कारण लाज. नवरा बायकोपासून लपवतो, बायको सासूपासून, आणि सगळे मिळून डॉक्टरपासून. डोकेदुखी घेऊन आलेला माणूस समोर बसतो आणि एक शब्द सांगत नाही. तो शब्द कळला असता तर पहिल्याच दिवशी तपासण्या वेगळ्या झाल्या असत्या.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय उघड करायला आणि भेदभाव करायला मनाई करतो. गावभर सांगू नका, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरला सांगा. पुडी खात असाल तर पुडीचेही सांगा, जमल्यास ती घेऊनच या. गोळ्या सुटल्या असतील तर कोणी रागावेल म्हणून घरी बसू नका. १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा आणि परत केंद्रावर जा. आणि औषधे सुरू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत नवी डोकेदुखी सुरू झाली, तर 'औषधाची गर्मी' म्हणून ती अंगावर काढू नका.

दवाखान्यात हे विचारा

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या तुमच्या माणसाचे डोके आठवड्याहून अधिक दुखत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा तो बरळत असेल, तर त्याच दिवशी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आणि विचारा:

- एचआयव्ही आणि सीडी-४ तपासले का?
- रक्ताची क्रॅग तपासणी होईल का?
- कमरेतले पाणी काढायला काही अडचण आहे का? नसेल तर कधी काढणार?
- पाण्याचा दाब किती आला?
- पाण्यावर इंडिया इंक, क्रॅग, कल्चर आणि टीबीची तपासणी पाठवली का?
- स्टेरॉइड देत असाल तर कशासाठी?
- इथे अँफोटेरिसिन नसेल तर ते कुठे मिळेल, आणि तिथे आधी फोन कराल का?
- महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. उत्तर माहीत असलेल्या डॉक्टरला असे नातेवाईक हवेच असतात. आणि ज्याला राग येईल, त्याच्याकडून दुसरीकडे जायचा तुम्हाला अधिकार आहे.

संमतीचा कागद समोर येईल तेव्हा तुमचा हात थरथरेल, ते स्वाभाविक आहे. शंका विचारा, हवा तेवढा वेळ विचारा, पण तो वेळ मिनिटांत मोजा, दिवसांत नको. आणि मग सही करा.